चिठ्ठी मी मोठ्याने वाचली

मंगळवार, संध्याकाळचे सात

नंदिनी आज आमच्या मंडी मोहल्ल्यातल्या शिलाईच्या दुकानात आली. तीन आठवड्यांनी. डिप्रेशनमुळे तिचे शब्द घशातच अडकतात, हे मला माहीत आहे. तिच्याशिवाय मला जेवण जात नाही, तरी फोनवर माझं रोज तेच, हो की नाही ते बोल. माझ्यासारखा कॉलेज अर्धवट सोडलेला पोरगा नको असेल, तर तसं तोंडाने सांग.

आमच्याकडे प्रत्येक कापडाला मापाची चिठ्ठी टाचलेली असते. तिने ब्लाउजपीस माझ्या हातात दिला. त्याला तिने टाचलेल्या चिठ्ठीवर माप नव्हतंच. "आज बोलता येत नाहीये. सोडून जाऊ नकोस." एवढंच. निळ्या शाईने सुरू केलेलं, काळ्याने संपवलेलं. किती वेळ लागला असेल तिला?

आणि मी काय केलं? अप्पा आणि दोन गिऱ्हाइकांसमोर ती मोठ्याने वाचली. वर म्हणालो, "लिहिता येतं, मग बोलायला काय होतं गं? नाटकं नुसती!"

एक बाई हसली. मशीनवरून अप्पा ओरडले, "साकु! पुरे कर, मूर्खा!"

निळी शाई, मग काळी. तेच डोळ्यांसमोर येतंय.

तिचे ओठ हलायला लागले. आता बोलणार! खरं लिहितो, मला जिंकल्यासारखं वाटलं.

बोललीच ती. अगदी स्पष्ट, अप्पांकडे बघून.

"काका, माझं कापड परत द्या."

कापड माझ्या हातात होतं.