लाल शाईतली दोन नावं

सोम., ९ फेब्रु.
सुटली बाप्पा एकदाची! तारीख पक्की झाली. आमच्या वर्षाचं लग्न, मंगरूळपीरचा नितीन, पुढच्या महिन्यात. इथंच कामरगावात, दारात मांडव टाकून. थोडकेच लोकं.

पत्रिका छापखान्यात देऊ नका, असं यायले, वर्षाच्या बाबाले, बजावून सांगतलं. मागच्या सोयरिकीच्या वक्ताले गठ्ठेच्या गठ्ठे छापून आणले होते. सुपारी फुटली, पत्रिका आल्या, अन् तिकडं पोराचा काका गेला. पोट्टी पांढऱ्या पायाची म्हणे, अन् मोडून मोकळे झाले. त्या पत्रिका चुलीत घालून मी आंघोळीचं पाणी तापवलं होतं. आता गावभर बोभाटा नाही पायजे. लागतीन तेवढ्या घरीच काढा.

हे तं टपूनच बसले होते. दुकान मोटर वायंडिंगचं, पण दिवाळीत प्रिंटर घरी आणला तवापासून सारा जीव त्या डब्यात. छापते बी, झेरॉक्स बी काढते, कागदाचा फोटो बी उतरवते म्हणे. आतापर्यंत काय छापलं तं बैलाचा फोटो अन् गॅसचं कार्ड. बैलाचे तीन फोटो.

गुरु., १२
दिवसभर कर्र कर्र. पहिले शाईच उतरे ना. हे म्हणे, रोज वापरलं नाही तं नाक चोंदते त्याचं. मंग साफसफाई चालली, त्यातच शाई संपते का काय असं झालं. मंग जाड कागद अडकला. हे त्या डब्याशी असे लाडानं बोलत होते, तसे माह्याशी कधी बोलले नाहीत.

मजकूर काळा, पण वर्षा अन् नितीनचं नाव लाल पायजे, हा यायचा हट्ट. वर्षा म्हणे, "बाबा, सारं काळंच राहू द्या."
"लग्न हाये का दहावं?"
झालं. लाल ते लाल.

पण निंघाली तं सुरेख! छापखान्याच्या तोंडात मारीन अशी. मी हातात धरून उगाच बसून राह्यली. डोळे भरून आले, ते कोणाले दाखवले नाही.

शुक्र., १३
काय लिहू.

सकाळी पत्रिकांले हळद-कुंकू लावलं. आमच्या घरची रीत अशी: चारी कोपऱ्याले हळद, अन् दोघायच्या नावावर ओल्या कुंकवाचं बोट. सासूबाईनं शिकवलेलं. पहिली व्याह्यांची लावली, पाकिटात घातली, यायच्या हातात दिली. यायची बस सुटून राह्यली होती. मंग निवांत मारुतीची घेतली, देवीची घेतली. चहा पिऊन येऊन पाह्यते तं दोन्हीवर नावंच नाही! लाल वघळ नुसते. बोटानं टिपाले गेली तं आणखीन पसरलं.

तारीख तशीच. वेळ तशीच. मांडवाचा पत्ता तसाच. यायच्या दुकानाचं नाव बी ठणठणीत. फक्त दोन नावं गेले. अन् तशीच एक पत्रिका बसमधी बसून मंगरूळपीरले चालली.

फोन लावला तं घरातच वाजला. चार्जिंगले लावून गेले होते.

संध्याकाळी: हे आले, पोटभर जेवून. नितीनच्या आईनं (वि.बाईच लिहीन आता, विहीणबाई लिहाले हात दुखते) पाकीट उघडलंच नाही म्हणे. देवापुढं ठेवलं. मंगळवारी अमावस्या, ते झाल्यावर उघडू.
मी सारं सांगतलं. वाटलं घाबरतीन. हे उठले, एका रद्दी पत्रिकेवर पाण्याचा थेंब टाकला अन् म्हणे, "हो नं! लाल वाहते. काळी वेगळ्या जातीची दिसते." तोंडावर आनंद! मले असा राग आला, जेवणाचं इचारलं नाही. जेवलेलेच होते म्हणा.

आंदीच फोन करून सांगावं का? पण वि.बाई लय कडक हाये म्हणतात. मांजर आडवी गेली तं बस सोडून देते, पण पाऊल टाकत नाही. तिले मी काय सांगू, तुमच्या पोराचं नाव माह्या बोटानं पुसल्या गेलं? मागच्या सोयरिकीसारखंच हे बी मोडन, असं वाटून राह्यलं. मागच्या टायमाले वर्षा दोन महिने दाराबाहेर आली नव्हती. आता मोडलं तं ही पोट्टी परत हसणार नाही.

रवि., १५
शिवरात्र. उपास. फोन हातात घेतला, ठेवला. घेतला, ठेवला. वर्षा म्हणे, "आई, काय झालं?" म्हटलं, साबुदाण्यानं जळजळ होऊन राह्यली.

बुध., १८
अमावस्या झाली. आज उघडली असन.
फोन नाही.
यायले म्हटलं, तुमचा तो डब्बा विहिरीत टाकून देते. म्हणे, "त्यानं काय केलं?"

गुरु., १९
फोन आला! वि.बाईचाच. 

इकडचं तिकडचं बोलली. मंग आवाज बारीक.
"ताई, एक सांगते. रागावू नका."
म्हटलं, बोला.
"तुमची पत्रिका काल उघडली. चष्मा डोळ्यावर नव्हता. कुंकू लावाले गेली, बोट जास्त ओलं झालं असन. चष्मा लावून पाह्यते तं वर्षाचं नाव पुसल्या गेलं वो माह्या हातानं. नितीनचं बी. मागं तुमच्या पोरीसंगं काय झालं ते मले माहीत हाये. तुमाले वाटन, हे लोकं बी तसेच, आंदीच पोरीचं नाव पुसलं."
अन् रडाले लागली. कडक बाई! पिठाच्या डब्ब्याखाली लपवून ठेवली म्हणे पत्रिका, घरात कोणाले दाखवली नाही. रातभर झोप नाही.

खरं सांगाले तोंड उघडलं. मंग म्हटलं, "काही होत नाही वो! कागदच तं हाये. दुसरी धाडते."
"खरंच? तुमच्या मनात काही नाही?"
"काहीच नाही."
फोन ठेवला अन् खालीच बसली. हासू का रडू समजे ना. दोन्ही केलं. मंग गूळ टाकून शिरा केला, यायले दोन वाट्या दिला. प्रिंटरवरची धूळ बी पुसली.

शुक्र., २०
आज वर्षाले सारं सांगतलं, हासत हासत. ती हासली नाही.
म्हणे, "ती बाई रातभर झोपली नाही, अन् तू शिरा करून राह्यली?"
"अवं, मिटलं नं."
"तुहं मिटलं. त्यायचं कुठं मिटलं? माह्या पायी घरात काही बी झालं, कोणाले ताप आला, तं त्यायले तेच आठवन. आपल्या हातानं नाव पुसलं होतं म्हणून. मले राहाचं हाये त्या घरात, आई."
"अन् सांगतलं, अन् त्यायनं मनावर घेतलं तं?"
"तं आताच घेऊ दे. लग्न झाल्यावर कायले?"
पोट्टी एवढी मोठी कधी झाली माहीत नाही. मले राग बी आला, बरं बी वाटलं. दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

शनि., २१
यायनं तोड काढली. छापल्यावर नावावरून मेणबत्ती घासायची. वरून ओलं बोट ठेवलं, पुसलं, नाव जागच्या जागी! हे असे फुगले, जसा प्रिंटर यायनंच बनवला. मी म्हटलं, काळं छापलं असतं तं मेणबत्ती लागली नसती. ऐकू आलं नाही म्हणे.
वि.बाईची नवीन पत्रिका काढली. मेण मी सोता घासलं. दोनदा.

रवि., २२
सकाळच्या बसमधी बसून लिहून राह्यली, कारंजावरून जाणारी बस. एकटीच. हे येतो म्हणत होते, म्हटलं, तुमी मेणबत्तीचीच गोष्ट सांगत बसान.
पिशवीत नवीन पत्रिका हाये, अन् मारुतीची ती वाहून गेलेली बी. ती त्यायच्या डब्ब्याखालच्या पत्रिकेजवळ ठेवीन अन् म्हणीन, पाहा, तुमच्या आंदी माह्याच बोटानं... पुढचं वाक्य अजून जमून नाही राह्यलं. पण रातच्याले झोप लागली होती.
दारातून निंघाली तं समोरून मांजर गेली. वर्षानं माह्याकडं पाह्यलं. मी चप्पल घातली.