पळीवरचं नाव

प्रिय अर्डिसताईस,

मिनेसोटाहून धाकट्या वर्नाचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? तुमच्या कॅलिफोर्नियात ऊन मुबलक, तेव्हा बरा असावा. इथे एप्रिल उजाडला तरी तळ्यावर बर्फ आहे आणि ऑर्विल (आमचे हे) रोज सकाळी "आता वितळेलच" म्हणतात. असो.

झालं त्यात सगळा दोष तुझा. 'राष्ट्राध्यक्ष निवडताना राज्याराज्यांच्या मतांचे गठ्ठे मोजू नका, देशभरची माणसं मोजा' हा अर्ज तू दर महिन्याला मला सहीसाठी पाठवतेस. तो वाचून वाचून माझं डोकं फिरलं. अगं, आमच्या चर्चच्या तळघरातल्या हॉटडिश स्पर्धेत हेच तर चाललं होतं! बारा टेबलं, टेबलाला एक मत. मग टेबलावर तिघं बसोत की अठरा. गेल्या वर्षी माझ्या चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशला एक्केचाळीस जणांची पसंती, गुड्रनच्या ट्यूना माशाच्या हॉटडिशला सत्तावीस. पण माझी माणसं हीटरपाशी दाटीवाटीने बसलेली (थंडी वाजते म्हणे मेल्यांना!), तिची चहूकडे पसरलेली. सात टेबलं तिची, पाच माझी. बक्षिसाची लाकडी पळी गेली तिच्या घरी! त्या पळीवर आपल्या आईचं नाव कोरलंय गं, ताई. त्याखाली माझं यावं, एवढंच मला हवंय.

मग हिवाळाभर मी घरोघर कॉफी ढोसत फिरले. पास्टरसाहेब म्हणाले, "वर्नाबाई, शंभर वर्षांची रीत आहे." मी म्हटलं, "आमचीच ना? मग आम्हीच मोडू." आणि मोडली! टेबलं गेली, माणसं आली. मी तर हवेतच होते.

परवा स्पर्धा झाली. गुड्रनचा भाचा आपला अख्खा आइस हॉकीचा संघ घेऊन आला. अठरा दांडगट, सगळे एकाच टेबलावर. (जुन्या नियमाने त्यांचं मत एकच!) टेबलं मोजली असती तर आठ माझी, चार तिची. माणसं मोजली, तर तेहतीस मला, चौतीस तिला. मोजणारे ऑर्विलच. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर म्हणाले, "आकडा काही वितळत नाही, वर्ना. भांडं उचल, घरी जाऊ."

मी रडले नाही. म्हणजे गाडीत बसेपर्यंत नाही.

तुझी,
वर्ना

ता.क. कुणाला बोलू नकोस, पण माझं मत मी गुड्रनला दिलं होतं. स्वतःला कसं देणार? तिसऱ्या आग्रहाआधी ताटातला शेवटचा तुकडा उचलण्यासारखंच ते!

आणखी ता.क. आत्ताच गुड्रन कॉफीला (म्हणजे पळी दाखवायला) येऊन गेली. तिने तिचं मत मला दिलं होतं म्हणे. म्हणजे फिटंफाट, आणि मी रीतसर हरलेच. तुझा अर्ज सही करून सोबत पाठवतेय. तत्त्व म्हणजे तत्त्व.

शेवटचा ता.क. पुढच्या एप्रिलात तू, भावोजी, चारही मुली आणि असतील नसतील तेवढे जावई घेऊन या. बसा हव्या त्या टेबलावर, आता काही फरक पडत नाही. फक्त ट्यूना चाखू नका.