मर्विनचं मशीन

सांडोर, वसई
१८ ऑगस्ट २००२

प्रिय मर्विन,

तुझं बहारीनचं पत्र मिळालं. नवी खोली मिळाली, जेवणाचे हाल थांबले, वाचून बरं वाटलं. आम्हीही आहोत. पाऊस चांगला झाला. केळीचे घड उतरवायला यंदा माणूस लावला, कारण डॅडी सध्या वाडीत जात नाहीत.

त्यांचा पाय मुरगळला, असं मी तुला फोनवर सांगितलं. तसंच सांगायचं, हे डॅडींनी ठरवलं होतं. पण तू क्लारा मावशीसाठीही डॅडींसारखंच बीपीचं मशीन पाठवतोयस, म्हणून आता लिहावंच लागतंय.

तू पाठवलेलं मशीन डॅडींनी आल्यागेल्या सगळ्यांना दाखवलं. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. आकडा नेहमी चांगला, तरी डोकं दुखतं म्हणायचे. शेवटी मी ते मशीन वालीवला कंपनीत नेलं. माझं कामच ते. दाब मोजायचे गेज आणून खात्रीच्या गेजला जोडायचे आणि किती फरक पडतो ते पाहायचं. आमच्या गेजवर दीडशे, तिथे तुझ्या मशीनवर एकशे तीस. खालीवर कुठेही पाहिलं तरी वीसने कमी.

घरी येऊन सांगितलं.

"मग दुरुस्त केलंस ना?"

"नाही डॅडी. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. किती चुकतं तेवढं कळतं. आता वीस मिळवून वाचायचं."

"पोराने परदेशातून पाठवलंय, आणि तू त्यात वीस मिळवतेस?"

"कुणी पाठवलं ते मशीनला कुठे कळतं?"

दुसऱ्या सकाळीही त्यांनी मशीनवरचाच आकडा मोठ्याने वाचला, वीस न मिळवता.

आकडा चांगला येतोय म्हणून त्यांनी बीपीची गोळी बंद केली होती. हे मला कळलं, ते वाडीत पाटाजवळ पडलेले सापडले तेव्हा. पाय मुरगळला नव्हता, मर्विन. अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला. जीभ जड झाली आहे, पण हॉस्पिटलात पहिलं वाक्य नीट बोलले, "मर्विनला सांगू नको."

तुला दोष देत नाही. नवंकोरं मशीनही चुकतं, वाटेत हिंदकळतं. कंपनीत मी हे सांगितलं की लोक ऐकतात. घरात नाही ऐकलं. डॅडींवर रागावू तरी कशी? त्यांना सकाळी तुझं काहीतरी हाताला लागलेलं हवं असायचं.

आता सुझान नर्स येऊन पाऱ्याच्या मशीनवर बीपी बघते, गोळ्या त्यावरच ठरतात. ती गेली की डॅडी डावा हात पुढे करतात. "मर्विनचं." मी पट्टा बांधते. आकडा वाचून दाखवत नाही, तेही विचारत नाहीत. पट्टा फुगतो, सैल होतो, त्यांचा डोळा लागतो. मग मी डबा भरते आणि कंपनीची बस धरते. दमले रे.

मावशीचं मशीन पाठव. मी आधी तपासेन, मग तिला देईन. तू मात्र यायला नाताळपर्यंत थांबू नकोस. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण डॅडींचं जेवण दोन घासांवर आलंय. यातलं काहीही कमी करून लिहिलेलं नाही.

डॅडींना न विचारता लिहिणारी,
तुझी बहीण
रोवेना