दोन उलट्या मोटारी

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी पडले त्या दिवसापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पोस्टमनला वाटतं, या वयात मी प्रेमात पडलेय.

सोबतच्या खोक्यात माझा ड्रोन आहे. म्हणजे होईल तेव्हा ड्रोन. तूर्त एक चौकट, चार मोटारी, एक कंट्रोलर बोर्ड आणि एक कॅमेरा. कौलं बसवण्यात हयात गेली, पण या केसासारख्या तारा सोल्डर करताना माझी भंबेरी उडते. एक तार जोडावी तर शेजारची सुटते. बोटांवर तीन फोड आहेत. परवा सोल्डरगन भिंतीवर भिरकावली. भिंतीला काही झालं नाही, गनचं टोक वाकलं.

हसू नकोस. डॉक्टरांनी पाय जोडून दिला आणि शिडी कायमची बंद केली. तीस वर्षं छपरं तपासली, आता काय खुर्चीत बसून माश्या मारू? छप्पर जमिनीवरून दिसलं, तर कुठलं कौल गेलंय ते मी सांगेन. चढायला माणसं मिळतात. ज्यांचं छप्पर तपासायचं राहिलंय ते गोदामवाले दहा एप्रिलपर्यंत थांबतो म्हणालेत, पुढे दुसरं कोणी बघतील. आणि ज्या गळतीसाठी मी स्वतःच्या घरावर चढले होते, ती तशीच आहे. मागच्या खोलीत बादली ठेवलीय. छपरवालीच्या घरात बादली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तू पंखे दुरुस्त करणारा, तुझा हात बसलेला आहे. नीट जोडून पाठव.

माया आहेच, ती राहू दे.
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोकं मिळालं. तुझं सोल्डरकाम बघून वाटलं, वरून कबुतरं गेली असावीत. सगळे जोड सोडवून नव्याने केले. मोटारी एकेक फिरवून पाहिल्या, होत्या त्या खोडी काढल्या. आता तक्रारीला जागा नाही.

पण खरं सांगू? हे करताना मन लागलं नाही. छपरांचा नाद सोड आणि आमच्याकडे राहायला ये. हिने खोली झाडून ठेवलीय. त्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला आणि मी शिडी सोडून फाटकापर्यंत गेलो. परत येतो तर तू खाली आणि शिडी तुझ्या अंगावर. तुला त्यातलं काही आठवत नाही, मला सगळं आठवतं. तू उतरत असणार आणि धरायला मी नव्हतो. सहा महिने झाले, फोन वाजला की मी तो पालथा घालून ठेवतो.

लोभाला पात्र नाही, तरी असू दे.
तुझा धाकटा

ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

उडत नाही! म्हणजे वीतभर उडतो आणि पालथा होतो. पाती थाडथाड जमिनीवर आपटतात आणि मोडतात. आजवर अकरा मोडली. बॅटरी भरलेली, बोर्डवरचा बाण पुढे, पाती त्यांच्या पाकिटावरच्या नकाशात दाखवली तशी. मग कुठे माशी शिंकते? शेजारच्या मास्तरीणबाई रोज कुंपणाशी उभ्या राहतात. काल विचारलं, हे गवत कापायचं यंत्र का? मी हो म्हणाले. निदान गवत तरी कापतंय.

काल अंगणात बसून रडले. पाय मोडला तेव्हा रडले नव्हते. गोदामवाल्यांना रोज काय सांगू? तू खोडी काढल्यास म्हणजे नेमकं काय केलंस, ते कळव.

राहायला येणार नाही. तुझी बायको फार चांगली आहे आणि मला ते तसंच ठेवायचंय. शिडीचंही पुन्हा लिहू नकोस. काय झालं ते मला आठवतच नाही, तर तुला दोष तरी कसा देऊ आणि माफ तरी कशी करू?

रागात आहे, पण तुझीच,
ताई

ता. २५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

मी काय वावगं केलं? चारांपैकी दोन मोटारी उलट्या फिरत होत्या. त्यांच्या दोन-दोन तारांची अदलाबदल करून सरळ केल्या. चाळीस वर्षांत माझ्या दुकानातून उलटा फिरणारा पंखा बाहेर गेलेला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

राग नसावा.
धाकटा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी तू खोक्यात घातलेला आणि माझ्याकडेच राहिलेला माहितीचा कागद उघडला. आधी उघडलाच नव्हता. पंखेवाल्याला पंखा कसला शिकवायचा? त्यात लिहिलंय की दोन मोटारी एका बाजूला फिरतात आणि दोन उलट्या, म्हणजे यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. पातीही त्या हिशेबाने दोन-दोन वेगळी. मी सरळ केलेल्या दोन मोटारी वारा खाली टाकायच्या ऐवजी वर फेकतायत. ताई, हेही माझ्याच हातून झालं. खोकं परत पाठव.

ता. ३ एप्रिल

चि. गाढवास,
अनेक आशीर्वाद.

अकरा पाती, दोन आठवडे आणि मास्तरीणबाईंसमोर गेलेली अब्रू! पत्र वाचून इतकी ओरडले की त्या धावत आल्या. खोकं परत पाठवायला वेळ नव्हता. तुझे सुंदर जोड मीच उखडले आणि माझ्या कबुतरी सोल्डरने तारा बदलल्या. फोड आता पाच आहेत.

पहिल्या दिवशी कंबरेएवढा उडाला आणि वाळत घातलेल्या चादरीत शिरला. दुसऱ्या दिवशी झुडपात. आज घराच्या छपरावर नेला आणि पडद्यावर बघत बसले. गळती सापडली. आणि धाकट्या, त्या दिवसापासून हरवलेली माझी हातोडीही सापडली.

ती वर आढ्याजवळ अडकलीय. पट्ट्यात हातोडी खोवल्याशिवाय मी उतरायला लागत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणजे मी उतरत नव्हते. हातोडीशेजारचं कौल टाचेखाली फुटलंय आणि तिथून थेट वळचणीपर्यंत, शिडी होती तिथवर, शेवाळ खरवडलेलं आहे. मी वरून घसरत आले आणि शिडीला घेऊनच खाली गेले. तू धरून उभा असतास तर आज आपण दोघं काठ्या टेकत असतो, आणि मोटारी उलट्या-सुलट्या करायला कोणी उरलं नसतं.

फोटो सोबत पाठवतेय, दुकानात लाव. सहा महिने उगाच जीव जाळलास.

गोदामवाल्यांना उद्या येते म्हणून सांगितलं. रविवारी तू ये. कौल बदलायचंय, हातोडी खाली आणायचीय. चढायचं तू, शिडी मी धरीन. फोन आला तरी सोडणार नाही.

आणि तुझा वाजला तर उचल, मीच असेन.
ताई