ढोलकीशिवाय नाताळ

आण्णा, यंदा नाताळच्या गाण्यांची घरोघरची फेरी माझ्याकडं होती. तुम्ही गेल्यापासून ती याच्यात्याच्याकडं फिरत राहिली आणि शेवटी चर्चच्या पाळकांनी मला बोलावलं, तुमचा मुलगा म्हणून. मला ढोलकी येत नाही हे त्यांना माहीत होतं. गिटार येते, तीही जळकोटच्या मोबाईल दुकानात गिऱ्हाईक नसताना व्हिडिओ बघून शिकलेली. मी हल्ली जे ऐकतो त्याला पोरं इंडी रॉक म्हणतात. परदेशातली माणसं नाताळची जुनी गाणी घेतात आणि त्यांतलं जवळजवळ सगळं काढून टाकतात. एक गिटार उरते, एक दबका आवाज, आणि दोन ओळींच्या मध्ये इतकी शांतता की फोन बंद पडला असं वाटावं. तारणारा जन्मला हेच सांगतात, पण शेजारच्या खोलीत कुणी आजारी असल्यासारखं. मला ते खरं वाटतं. तुमचं लाडकं गाणं मी तसं केलं, एकेक सूर पुसून पुन्हा वाजवत, आणि रविवारी उपासनेनंतर चर्चच्या पंचांना ऐकवलं. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये ते म्हणायची परवानगी हवी होती.

थोरल्या पंचांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "हे नाताळचं व्हय? मला वाटलं मयतीला निघालास." सगळे हसले. मीही हसलो. परवानगीचं नंतर बघू म्हणाले. त्यांचा मुलगा पावसाळ्यात हायवेवर अपघातात गेला, हे मला घरी येताना आठवलं. अशा माणसाला मी काय ऐकवून आलो होतो?

तुम्हीही एका नाताळात मला असंच बोलला होतात. स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला ढोलकी धरून बसला आहात, आई करंज्या तळते आहे, आणि मी तेच गाणं ओढून ओढून म्हणतो आहे. "सणाला रडकं तोंड करू नको," तुम्ही म्हणता, माझ्याकडं न बघता. त्याच संध्याकाळी, ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं होतं, त्या दारावरून आपण न गाता गेलो. चालताना ढोलकी घुमू नये म्हणून तुम्ही तिच्यावर तळहात दाबून धरला होता. दुखवट्याच्या घरापुढं गायचं नाही, ही आपल्या फेरीची रीत.

यंदा ते घर थोरल्या पंचांचं होतं. नाताळच्या आदल्या रात्री वळणावरच मी सगळ्यांना गप्प केलं. माना खाली घालून निघालो, तर ते ओट्यावरच बसलेले.

"थांबा," म्हणाले. "ढोलकीवाल्यांनी फुडं जावा. ह्याला राहू द्या." मग मला, "ते तुझं म्हण. हळू म्हणायचं ते."

मी गिटार खांद्यावरून पुढं घेतली. दारात त्यांची सून, पदराचं टोक दातात धरून. पहिली ओळ म्हटली आणि मी मुद्दाम ठेवलेली ती शांतता आली. हेडफोनमध्ये ती किती बरी वाटायची. तिथं उभं राहून वाटलं, आता ही बाई रडेल, थोरले पंच उठून आत जातील, रीत मोडली म्हणून गावभर होईल. लवकर पुढची ओळ घ्यावी असं वाटत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. मग ती ओळ थोरल्या पंचांनीच उचलली, माझ्याहूनही हळू. मी त्यांच्या मागं वाजवत राहिलो.

संपल्यावर सून आत गेली. "उद्या चर्चमध्ये ढोलकीच वाजू दे," ते म्हणाले. "लेकरं असत्यात. हे हितंच ऱ्हाऊ दे." मी व्हय म्हणालो. निघताना त्यांनी विचारलं, "तुझ्या आण्णाला आवडलं असतं का रं?"

मी लगेच म्हणालो, "लई आवडलं असतं, काका."

मला ते ठाऊक नव्हतं. तुम्हाला विचारावं म्हणून हे लिहायला बसलो. पण इथवर आल्यावर कळतं आहे की तुमचं उत्तर मला नकोच आहे; काकांना सांगितलं तेवढंच राहू दे. म्हणून हे पत्र कुठंही टाकत नाही, वहीतच ठेवतो.