माझ्या एकरातली घाटेअळी

९ डिसेंबर
हरभरा फुलावर आला. खालच्या पट्टीत आज पहिली घाटेअळी सापडली! तांदळाएवढी, हिरवी, पान खरवडत बसलेली. डबीत घालून घरी आणली, सासऱ्यांना दाखवली. मामा म्हणाले, "अळी घावली म्हणून हसणारी बाई पहिल्यांदा बघितली."
हसू आलं खरं. वाटच बघत होते ना. पाच एकरांतला एक माझा, माझ्या पद्धतीनं करायचा, असं पेरणीला ठरलंय. बाकीचे चार मामांचे, नेहमीसारखे विषारी फवारणीवर. माझा फसला तर पुढल्या साली शब्द काढायचा नाही. कबूल केलंय.

१२ डिसेंबर
पाखरांना बसायला वीस जागी तुरीच्या वाळक्या तुराट्या रोवल्या, वर एकेक आडवी बांधून. हात सोलवटले. बांधापलीकडून शकीलाभाभी, "काय गं सुरेखा, बुजगावणी लावतीस का?"
म्हटलं, "उलटं, भाभी. पाखरं हाकलायची न्हायत, बोलवायचीत. अळ्या खायला."
त्या कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. अजून हसतच होत्या तर एक कोतवाल येऊन बसला. काळाभोर, शेपटीला दोन टोकं. मी नुसतं बोट दाखवलं.

२० डिसेंबर
घाटेअळीचे पतंग धरायला तीन सापळे लावलेत, त्यांतले पतंग मोजले. पहिल्यात ९, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात ८. तीन दिवस आकडा चढतोय. म्हणजे अंडी पडली असणार. अंडी म्हणजे आठवड्यात...
शेतकी खात्याच्या मॅडमना फोन. "घाबरू नका ताई, बाटली घेऊन येते."
घाबरले नाही. पण जेवण गेलं नाही.

२३ डिसेंबर
मॅडम तुळजापूरहून आल्या. बाटलीत विष नाहीच! अळीचा रोग आहे. पानाबरोबर पोटात गेला की ती आजारी पडते. माणसाला, पाखराला काही होत नाही. कडक उन्हात हा रोग टिकत नाही, म्हणून दिवस कलल्यावर फवारायचा. पाण्यात अळीनं चवीनं खावं म्हणून गूळ आणि उन्हापासून आडोसा म्हणून कपड्याची नीळ घातली. पंप पाठीवर. साडी निळी, हात निळे, नाकसुद्धा.
मामा बांधावर उभे. "म्हंजी अळीला ताप आणणार म्हण की तू."
व्हय. ताप.

२६ डिसेंबर
काहीच नाही. अळ्या मजेत खातायत. एका ओळीत हातभर अंतरावर तीन सापडल्या. कोवळ्या घाट्यांना भोकं. आतला दाणा खाऊन टरफल तेवढं ठेवलेलं.
मामा घाटे हातात घेऊन बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "पोरी, सोमवारपत्तोर. मंग मी माझा पंप घेऊन येतो."
ह्यांना सोलापूरला, नोकरीवर, फोन केला. हे म्हणाले, "वडलांचं ऐक." मी फोन ठेवून दिला.

२८ डिसेंबर
काही अळ्या पिवळट दिसतायत. का मलाच तसं दिसतंय? एकीला काडीनं डिवचलं. हलली, पण सुस्त. खात नव्हती. बाकीच्या मात्र... उद्या सोमवार.

२९ डिसेंबर
सकाळी मामा आले. पंप भरलेला, तोंडाला पंचा. मी वाटेत उभी राहिले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांची वाट कधी अडवली नव्हती. "मामा, आधी एक फेरी मारू. मंग तुम्ही म्हणाल तसं."
पंपासकट चालायला लागले. दहा पावलं गेले आणि थांबले. झाडाच्या शेंड्याला अळी उलटी लटकलेली. डोकं खाली, काळी पडलेली, आत नुसतं पाणी. पुढल्या झाडावर दोन. त्याच्या पुढं तर शेंड्याशेंड्याला!
"आगं, ही तर वटवाघळागत लोंबकळायलीय!"
मी उड्या मारल्या. सासऱ्यांसमोर, पदर सोडून, एक्केचाळीस वर्षांची बाई. भाभी पळत आल्या. त्यांना वाटलं साप निघाला.
मामांनी पंप खाली ठेवला. आणि सगळा एकर फिरले.

३१ डिसेंबर
मॅडमनी सांगितलं, मेलेल्या अळ्या फेकू नका. वेचा, ठेचा, पाण्यात कालवून फडक्यानं गाळा, पुन्हा तेच फवारा. रोग तिच्याच अंगात वाढलेला असतो!
दिवसभर वेचल्या. वास काय सांगू. दुपारी बघते तर पलीकडच्या ओळीत मामा वाकलेले, हातात चहाचा जुना कप, त्यात अळ्या.
"जी मेली तिच्याच पाण्यानं तिची भावंडं मारायची. लईच बेरकी काम हाय हे."
भाभींनी पण त्यांच्या हरभऱ्यासाठी डबाभर पाणी मागून नेलं.

१४ जानेवारी
संक्रांत. वाण द्यायला आलेल्या बायका तिळगूळ घेऊन सरळ रानाकडं! प्रत्येकीला लटकलेली अळी बघायचीय. आता फार नाहीत, शोधून दाखवावी लागते. मामांच्या चार एकरांत दोन फवारण्या झाल्या, तरी अळी दिसते. तिकडं पाखरूही फिरकत नाही. मी विषय काढला नाही. येडशीच्या बाजारात मामा कुणाला तरी सांगत होते म्हणे, "आमच्या रानात आम्ही औषध घरीच करतो." आम्ही!

२१ फेब्रुवारी
काढणी झाली. खळ्यावर ढीग दोन, मामांचा आणि माझा. मामांचाही एकाच एकराचा, बाकीच्या तीन एकरांचा वेगळा ठेवलाय, दोन्ही तोलून बघायला. मळणी यंत्र उद्या सकाळी. माझ्या ढिगात हात घालते तर घाटे टणक, वाजतात. पण डोळ्यांनी काही सांगता येत नाही. सगळं गाव विचारतंय, मी म्हणते उद्या.

सायंकाळ, त्याच दिवशी
रामलिंगाच्या देवळाच्या बाजूनं आभाळ भरून आलं. वारा सुटला. घरात ताडपत्री एकच. मी ओढत आणली आणि मामांच्या ढिगाकडं वळले. ते ओरडले, "तिकडं न्हाय! तुझ्यावर टाक आधी."
"मामा, तुमचा भिजंल की."
"भिजू दे. पुढल्या साली पाचही एकर तुझ्या पद्धतीनं पेरायचे तर बी कुठनं आणू?"
चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. भाभी त्यांची ताडपत्री आणायला पळाल्यात. मामा त्यांच्या ढिगाजवळ उभे राहून वाटेकडं बघतायत.
मी ओसरीवर बसून एवढं लिहिलं. थेंब पडायला लागले, वही ठेवते, पळते.