टॅन्सीची पिल्लं

बकहॉर्न डोंगर, नॉर्थ कॅरोलायना
१९ मे, रविवार

प्रिय अर्लीन,

तुझं पत्र मिळालं. गुडघा वाकायला लागला हे वाचून जीव भांड्यात पडला. सून जिना चढू देत नाही म्हणून तू तिला जेलर म्हणतेस. तिनेही मला वेगळं पत्र लिहून तुझी तक्रार केलीय, तेव्हा तुमचं झकास चाललंय असं मी धरून चालते. फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू भलतंच ऐकतेस, म्हणून आपलं लिहिणंच बरं.

इकडे रानकांद्यांचा हंगाम संपला. पाणमांजरांच्या तळ्याचा पंप पुन्हा रुसला होता. आपल्या जनावरांच्या हॉयल डॉक्टरने पेशंट सोडून आधी त्याच्यावर इलाज केला. शाळांच्या सहली सुरू झाल्यात. बाबांच्या तंबाखूच्या शेतात आपण दोघींनी हे एवढंसं प्राणिसंग्रहालय काढलं, तेव्हा लोक हसले होते. आता त्यांचीच नातवंडं बसमधून येतात. मध्यंतरी तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "लांडगिणीला मोजता येतं का?"

"का गं?"

"मग एखादं पिल्लू जास्तीचं आलं तर तिला कळणार कसं?"

इतकी वर्षं मी तांबड्या लांडग्यांवर बोलतेय, पण तिला सरळ पाणमांजरं दाखवायला नेलं. कारण तेव्हा माझ्या डोक्यातही तेच घोळत होतं.

हो, पिल्लं झाली. तुझ्या हातच्या बाटलीवर वाढलेल्या टॅन्सीला तीन पिल्लं झाली! चॉकलेटी रंग, डोळे मिटलेले, चिचुंदरीसारखी तोंडं. आणि ती आता आपल्याकडे नाहीत. आम्ही ती समुद्रकाठच्या अभयारण्यात, एका रानातल्या लांडगिणीच्या बिळात नेऊन ठेवली. आईपासून का काढली, असं विचारशील. सांगते. आधी प्रवासाचं ऐक.

हॉयल गाडी चालवत होता. मी मागे खोका मांडीवर घेऊन बसले, आत गरम पाण्याची पिशवी. दर थोड्या वेळाने सिरिंजने दूध. वाटेत पेट्रोल भरताना एका माणसाने खोक्यात डोकावून विचारलं, "कुत्र्याची पिल्लं काय? विकायचीत?" हॉयल म्हणाला, "नाही हो, नातेवाइकांकडे सोडायला चाललोय." माणसाच्या आवाजाची सवय नको म्हणून आम्ही अख्खा रस्ता कुजबुजत होतो. अर्ध्या वाटेत हॉयलला आठवलं, "नेल्डा, यांचे कान अजून उघडलेच नाहीयेत!" मग गाडी बाजूला घेऊन दोघं पोट धरून हसलो. तेवढं एकदाच हसले त्या आठवड्यात.

अभयारण्यात डार्नेल स्पेलमन नावाचा माणूस भेटला. उंचच उंच, आणि बोलणं अगदी सावकाश. लांडगिणीच्या गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्याचा संकेत यंत्रावर ऐकून त्याने खात्री केली की ती शिकारीला लांब गेलीय. मग चिखलातून, डासांतून, एका उन्मळलेल्या झाडापाशी गेलो. मुळांखाली बीळ, आत तिची दोन पिल्लं. डार्नेलने आपल्या तिघांना बिळातली माती चोळली, वर तिच्या पिल्लांची शू फासली. "झाले घरचे," म्हणाला.

"फसेल ती?" मी विचारलं.

"मला नाही वाटत ती फसते. नाकाला सगळं कळत असणार. पण बहुतेकदा सांभाळते. का सांभाळते, ते तिलाच ठाऊक."

"आणि नाही सांभाळलं तर?"

त्याने बिळाच्या तोंडावरचा पाचोळा सारखा केला. परत चालताना सहज म्हणाला, "यांची आई कशी आहे हो?"

हॉयल माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "गेली." तोवर हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता, अर्लीन. तुला लिहायला बसले की पंपाचं लिहायचे आणि कागद फाडायचे.

बाळंतपण नीट झालं होतं. दुसऱ्या दिवशी ताप चढला. हॉयलने जंग जंग पछाडलं, पण जंतूंचं विष अंगभर पसरलं होतं. शेवटी माझा हात तिच्या मानेखाली होता. तुझ्याशिवाय कुणाला हात लावू न देणारी ती, माझा हात तिने ठेवू दिला. मला कळायचं ते कळलं.

पिल्लं मीही बाटलीवर वाढवली असती. पण मग ती टॅन्सीसारखीच माणसाळली असती आणि जन्मभर कुंपणात राहिली असती. म्हणून नेली.

पिल्लं ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डार्नेलचा चेहरा उतरला होता. लांडगीण जागा सोडून गेली होती. माणसाचा वास आला की त्या पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे नेतात. पण कुठली पिल्लं, नुसती तिची की आपलीही? आम्ही त्या झाडापाशी गेलो. मी चिखलात पालथी पडले आणि हात आत घातला, खांद्यापर्यंत. एका मुळाला बोट लागलं तर ते पिल्लूच वाटलं. सगळे कोपरे चाचपले. नुसती गार माती. एकही मागे नव्हतं.

"सगळी नेली!" मी ओरडले. डार्नेल तिथेच मटकन खाली बसला आणि टोपीने तोंड झाकून घेतलं.

पट्ट्याच्या संकेतावरून ती कुठे आहे ते कळतं, पिल्लांचं नाही; आणि पुन्हा माणसाचा वास नको म्हणून कुणी बघायला जाणार नाही. आपल्याकडून बाहेर गेलेल्या जनावराचं पुढे काय होणार, हे मला पहिल्यांदाच कळणार नाहीये. नवल म्हणजे, मला त्याचं वाईट वाटत नाही. भांडी घासताना हात थांबतात आणि मी विचार करते, आता डोळे उघडले असतील, त्यांना पहिल्यांदा काय दिसलं असेल?

आता एकच. "तिची वेल राहू दे, जोडी लावा," असा हट्ट तू हिवाळ्यात धरला होतास. ते मनाला लावून घेऊ नकोस. मलाही तेच हवं होतं, हॉयललाही. तुझा हट्ट आज समुद्रकाठच्या चिखलात दूध पितोय.

रडायचं तर पोटभर रड, सुनेला जवळ बसवून. मग लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी, आणि शेवटी थोडीशी तिचीही,
नेल्डा